नवरा हात उचलत नाही, तरी घरात सगळं त्याच्याच मुठीत: कथेत हे कसं दाखवायचं?

पानकळा

एका दीर्घकथेवर काम चालू आहे. गाव काल्पनिक, पण औसा तालुक्यातलं. बालाजी आणि रेखा, लग्नाला नऊ वर्षं झालेली, दोन लेकरं. सहा एकर कोरडवाहू रान, सोयाबीन आणि तूर. सासू-सासरे एकत्र, धाकटा दीर पुण्याला कंपनीत. रेखाचं माहेर कळंब तालुक्यात. बालाजी पीत नाही, मारत नाही, गावात त्याला सगळे सरळ माणूस म्हणतात. पण घरात रेखाचं काहीच चालत नाही, आणि नेमकं काय होतंय हे तिला स्वतःलाही धड सांगता येत नाही.

ज्यांनी खर्डा वाचला त्यांचा एकच सवाल आहे: "मग हिला त्रास काय आहे?" 'हुकूमत', 'धाक' असले शब्द घालून हे भागणार नाही, त्यामागचं रोजचं जगणं हवं. अशा घरात पैसा, कागद, फोन, येणं-जाणं कोणाच्या हातात आणि कसं असतं? ते कोणत्या प्रसंगात दिसतं? पुढं रेखाला काही पाऊल उचलायचं असेल तर तिच्यापुढं खरोखर कोणत्या वाटा आहेत? तिला एकदम वाघीण करायची नाही, आणि कायद्याचा भाग चुकीचा जायला नको.

मोंढा_गल्ली

पैशापासून सुरुवात करा. पकड आधी तिथं बसते आणि सगळ्यात शेवटी तिथूनच सुटते.

सातबारा सासऱ्याच्या किंवा बालाजीच्या नावावर असणार. त्या एका नावावरून पुढचं सगळं ठरतं. पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे ६,००० ज्याच्या नावे जमीन त्याच्या खात्यात येतात. सोसायटीचं पीककर्ज त्याच्या नावे, विमा त्याच्या नावे. सोयाबीन लातूरच्या मोंढ्यात गेलं की आडतीवर पट्टी फाटते तीही त्याच्याच नावे. वजन, भाव, हमाली, तोलाई सगळं त्या पट्टीवर असतं, आणि ती पट्टी खिशातून थेट कपाटात जाते. रेखा पेरणीपासून काढणीपर्यंत रानात राबते, पण कट्टे किती गेले आणि भाव काय लागला हे तिला शेजारणीकडून कळतं. शेजारीण म्हणते, "तुमचं बरं गेलं की ओ, आमच्यापेक्षा शंभरानं जास्त." रेखा नुसती मान हलवते. मला माहीत नाही असं म्हटलं तर घरातली गोष्ट चव्हाट्यावर येते, म्हणून ती माहीत असल्यासारखं दाखवते. एवढ्या एका प्रसंगात वाचकाला कळेल.

आता तिच्या नावानं येणारा पैसा. लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये २०२४ पासून तिच्या खात्यात जमा होतात. खातं तिचंच असेल तर बालाजीची पकड कुठं? पहिली गोष्ट मोबाइल नंबरची. बँकेत आणि आधारला, दोन्हीकडं नंबर बालाजीचा दिलेला असतो, त्यामुळं पैसे जमा झाल्याचा मेसेज त्याला येतो. कधी सांगायचं, सांगायचं की नाही, हे त्याच्या हातात. दुसरी गोष्ट, पैसे काढणं. गावातल्या ग्राहक सेवा केंद्रावर आधारनं पैसे काढायचे तर अंगठा तिचाच लागतो, म्हणून तो तिला गाडीवर बसवून नेतो. ती मशीनवर अंगठा ठेवते, ऑपरेटर नोटा मोजतो. त्या नोटा तो कुणाच्या हातात देतो, एवढंच लिहा. पलीकडं उभ्या असलेल्या बालाजीनं हात पुढं करायचीही गरज नसते, ऑपरेटरला ते सवयीनं ठाऊक असतं. आणि तिसरी गोष्ट ई-केवायसी. या योजनेच्या ई-केवायसीत बाईच्या आधारबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी लागतो. शासनाला कुटुंबाचं उत्पन्न तपासायचं असतं हे खरं. पण रेखाच्या घरात त्याचा अर्थ असा की तिचा हक्काचा पैसा चालू राहावा म्हणून तिला बालाजीची मर्जी राखावी लागते.

तो पैसे हिसकावत नाही हेही लक्षात ठेवा. तो म्हणतो, "राहू दे खात्यावर, तुझेच हायेत." मग खताच्या वेळेला म्हणतो, "सध्या घालू, पट्टी आली की टाकतो." पट्टी येते, पैसे येत नाहीत, आणि विचारलं तर तीच घरात दुजाभाव करणारी ठरते.

हिशेब फक्त एकाच बाजूनं मागितला जातो, हेही दाखवा. गिरणीचे किती झाले, वहीचे किती, उरलेले पाच कुठं आहेत. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. बालाजीला ते ठाऊक आहे, म्हणून कळंबला जाताना तो बरोबर अर्ध्या तिकिटाचे पैसे देतो, वर दहा रुपये नाहीत. "येताना तुझा भाऊ दिलच की." या दहा रुपयांवर तिचं पाणी, लेकराचं बिस्किट, चुकलेली गाडी हे सगळं अवलंबून आहे.

अशा घरातली बाई चोरून पायलीभर तूर किंवा ज्वारी दुकानात घालते. दुकानदार बाजारापेक्षा कमी भाव देतो, कारण ही घासाघीस करू शकत नाही हे त्याला माहीत असतं. तिची चोरी आता त्याच्या हातात सापडली. सत्ता नवऱ्यापाशीच थांबत नाही, ती अशी गावभर वाटली जाते.

बचत गट घेणार असाल तर तो सुटकेचा रस्ता म्हणून सरसकट वापरू नका. दहा ते वीस बायकांचा गट, आठवड्याची बचत, अंतर्गत कर्ज, हे सगळं चांगलंच आहे. पण कर्ज रेखाच्या नावे निघतं आणि मोटार बालाजीच्या बोअरवर बसते. हप्ता थकला की गटात मान खाली तिची जाते. खाजगी फायनान्सच्या कर्जाचंही तेच, फक्त तिथं वसुलीवाला दारात येतो. अशा लहान कर्जांसाठीच्या (मायक्रोफायनान्स) रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ च्या नंतर वसुलीला फोन करता येत नाही. कथेत वसुलीवाला रात्री आला तर तो नियम मोडतोय, हे एखाद्या पात्राला माहीत असू द्या.

तगर

पैशाचं वर छान आलंय. मी फक्त लिहिण्याबद्दल सांगते.

बालाजी 'नाही' म्हणत नाही. 'नाही' म्हणणारा नवरा कथेत सोपा पडतो, कारण त्याच्याशी भांडता येतं. हा म्हणतो, "बघू." "आईला विचार." "जाय की, कोण धरलंय तुला?" आणि रेखा गेली की त्याची किंमत वसूल होते. चार दिवस अबोला. ताटावर बसतो, भाकरीचा एक तुकडा मोडतो आणि उठतो. निरोप लेकराच्या तोंडून जातात: "मम्मीला म्हण, मला भूक नाही." आठ वर्षांचं पोरगं दोघांमध्ये ये-जा करतं आणि हळूहळू कुणाच्या बाजूनं राहिलं की घरात शांतता राहते हे शिकतं. त्या पोराकडं नीट लक्ष द्या, तुमच्या कथेत सगळ्यात जास्त नुकसान त्याचं होतंय.

एकच मागणी तीनदा दाखवा. समजा रेखाला चुलत बहिणीच्या लग्नाला दोन दिवस जायचंय. पहिल्या वेळी ती सरळ विचारते आणि अबोला झेलते. दुसऱ्या वेळी आधी त्याच्या आवडीचं कालवण करते, सासूला पुढं घालते, त्याचा चेहरा बघून वेळ साधते. तिसऱ्या वेळी लग्नाची पत्रिका येते, ती वाचते आणि फडताळात ठेवून देते. विचारतच नाही. या तिसऱ्या वेळी बालाजीनं काहीच केलेलं नसतं, तो रानात असतो. पहिल्या दोन वेळा वाचकानं नीट पाहिल्या असतील तर तिसऱ्या वेळी त्याच्या काळजाला ते लागेल. "मग हिला त्रास काय आहे?" याचं उत्तर इथं आहे.

नियम बदलत राहायला हवेत. काल गळ्यात ओढणी घेऊन गटाच्या बैठकीला गेली तर चाललं, आज तेच चालत नाही. तिला नियम कधीच नीट कळू नये, म्हणजे ती सतत अंदाज बांधत राहील. तिची निम्मी बुद्धी यातच खर्ची पडते. हे थकणं लिहा, रडणं कमी लिहा.

नेहमी बिघडतं ते असं. लेखक नवऱ्याला लहानपणीचा मार देतो आणि सगळा दोष त्या जुन्या बापावर ढकलतो. बालाजीला कारण द्या, पण ते त्याच्या आजच्या फायद्यातलं द्या. त्याला काय मिळतं? बिनमजुरीचं रान, तयार ताट, शेवटचा शब्द आणि वर सज्जनपणाचं नाव. हे सोडायला कोण तयार होईल? त्याच्या मनात तो घर सांभाळतोय. कर्ज आहे, भावाचा हिस्सा डोक्यावर आहे, बाई मोकळी सोडली तर घर फुटेल असं त्याला प्रामाणिकपणे वाटतं. आणि त्याचे चांगले दिवसही येऊ द्या. तापात तो तिला रात्री लातूरला दवाखान्यात नेईल, तिच्या उशाशी बसेल. तो प्रेम करत नाही असं दाखवलंत तर रेखा का राहते हे कळणारच नाही.

सासूला खलनायिका करू नका, हात जोडून सांगते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातली सगळ्यात मोठी बाई लागते. म्हणजे कागदावर प्रमुख सासू आहे. कोठीची किल्ली तिला तीस-पस्तीस वर्षांच्या सासुरवासानंतर मिळालीय. सून मोकळी झाली तर आपल्या हातात काय उरतं, ही तिची भीती खरी आहे. तिला बालाजीची बाजू घ्यावी लागते, कारण म्हातारपणी ताट तिथूनच येणार.

अमेरिकेत मिनेसोटातल्या डुलूथ गावी १९८० च्या दशकात, छळ सोसलेल्या बायकांशी बोलून एक चक्र आखलं गेलं. मध्यभागी सत्ता आणि नियंत्रण, भोवती आठ पद्धती: धमकी आणि दबाव, दहशत, मानसिक छळ, एकटं पाडणं, घडलेलं नाकारून दोष तिच्यावर ढकलणं, लेकरांचा वापर, पुरुषपणाचा हक्क, पैशाची नाकेबंदी. खर्डा झाला की या आठांपैकी काय काय आलंय हे तपासायला ते चांगलं आहे. पण त्या चक्रावरून कथा लिहायला बसू नका, प्रसंगांना मथळे चिकटल्यासारखे दिसतील. शिवाय ते चक्र एकट्या पुरुषाला धरून आखलंय. आपल्याकडं भावकी, दीर, नणंद, गाव हे सगळे मिळून ते फिरवतात.

बोरी_बाभळी

एकटं पाडणं आपल्याकडं कसं होतं ते सांगतो, कारण इथं शहरी कथा फसतात. मैत्रिणी तोडणं, नोकरी सोडायला लावणं हे रेखाला लागू नाही. तिचा एकच आधार आहे, माहेर. त्यामुळं सगळा खेळ माहेराच्या रस्त्यावर होतो.

पंचमीला आणि दिवाळीला मुराळी येतो, म्हणजे भाऊ किंवा चुलता न्यायला येतो. बालाजी त्याला चहा पाजतो, हसून बोलतो आणि म्हणतो, "पाहुणे, सोयाबीन काढून धाडतो की, आता मजूर मिळंना." कारण अगदी खरं असतं. दिवाळीच्या आसपास सोयाबीन काढणी-मळणी असतेच. मुराळी मोकळा परत जातो. असं दोन-तीन वर्षं झालं की भाऊच येणं कमी करतो, आणि मग बालाजी म्हणायला मोकळा, "तुझ्या माहेराला तुझी फिकीर असती तर आले नसते?"

दुसरी युक्ती याहून खोल आहे आणि कथेत क्वचित येते. २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क आहे, महाराष्ट्रात तशी तरतूद १९९४ लाच झाली होती. बालाजी रेखाला म्हणतो, "तुझा हिस्सा माग. कायदा हाय." ऐकायला हे बायकोच्या हक्काचं बोलणं वाटतं. पण तिनं मागितलं की भावाशी संबंध तुटतो आणि ती सासरी पुरती अडकते. नाही मागितलं तर "माझ्यापेक्षा भाऊ जवळचा" हे ऐकावं लागतं. उलट भाऊही तिच्याकडून हक्कसोड पत्र मागू शकतो. दुय्यम निबंधक कार्यालयात दोन साक्षीदारांसमोर सही होते, आणि ती सही बहुतेक बहिणी माहेराचं दार उघडं राहावं म्हणूनच करतात. रेखा या दोन पुरुषांच्या मध्ये उभी आहे, आणि दोघंही तिच्या भल्याचंच बोलतायत. तुमच्या कथेचा गाभा इथं सापडेल असं मला मनापासून वाटतं.

बोलण्याबद्दल थोडं. औसा भागात रेखा सासूला 'आत्या' म्हणेल, सासऱ्याला 'मामा', दिराला 'भाऊजी'. नवऱ्याचा उल्लेख 'ह्यांनी' किंवा 'लेकराचे पप्पा'. बालाजी तिला नावानं हाक मारेलच असं नाही, 'अगं', 'ये' यावरच भागतं. तिकडं पुरुष 'मी सांगितलो', 'मी केलो' असं बोलतात, ते ठेवा, पण दर वाक्यात नको.

आणि येळवस सोडू नका. मार्गशीर्षातल्या अमावास्येला लातूर-धाराशिवकडं गाव ओस पडतं, सगळे रानात. भज्जी, आंबील, उंडे. पाहुणे, मित्र, शहरातून आलेले दीर-जाऊ. त्या दिवशी बालाजी सगळ्यांदेखत रेखाला आग्रहानं वाढतो. पाहुणे म्हणतात, नशीब काढलं पोरीनं. आदल्या रात्रीचा अबोला वाचकाला ठाऊक असेल तर हे वाढणंच पुरे आहे.

गोदाकाठ

एवढं कशाला? शेवटी ४९८, म्हणजे नवऱ्याच्या छळाचा गुन्हा, टाकू द्या तिला. नवरा आत गेला की सरळ होईल.

पानकळा

सगळ्यांचे आभार, खरंच. पत्रिकेचा प्रसंग आणि हिश्शाची गोष्ट दोन्ही घेणार.

दोन गोष्टी अजून हव्यात. रेखाचं पहिलं पाऊल लहान असावं, कुणाला कळणारही नाही असं. फोन किंवा आधारमधून काही निघेल का? आणि वर ४९८ चं आलंय, तर कायद्याचं नेमकं चित्र कुणी सांगेल का?

मोंढा_गल्ली

आधारचा मोबाइल नंबर बदलणं. तुम्हाला हवं तसं लहान आणि मोठं पाऊल हेच आहे.

आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलायला जुना नंबर लागत नाही, जुन्या नंबरवर ओटीपीही जात नाही. तिचं बोट आणि थोडं शुल्क, एवढंच. म्हणजे नवऱ्याला न विचारता ती हे करू शकते, आणि हे तिला कुणीतरी सांगावं लागेल. गटातली बाई सांगेल किंवा केंद्रावरची मुलगी. पोस्टमनकडूनही नंबर बदलता येतो, पण पोस्टमन घरी आला तर आख्ख्या गल्लीला कळेल. रेखानं औशाच्या बाजारच्या दिवशी जाणं बरं.

मात्र आधारचा नंबर बदलला म्हणून बँकेतला बदलत नाही. तिथं वेगळा अर्ज द्यावा लागतो, शाखेत जाऊन. इथं चूक करू नका, वाचक पकडतात. सरकारी योजनेचा पैसा आधारशी शेवटी जोडलेल्या एकाच खात्यात जातो हेही ध्यानात ठेवा. ती दुसऱ्या बँकेत नवं खातं काढून ते आधारशी जोडू शकते. मग जुन्या खात्यात पैसे येणं बंद होईल आणि बालाजीच्या मोबाइलवर मेसेज यायचा थांबेल. तो पहिल्या महिन्यात योजनेला दोष देईल, दुसऱ्या महिन्यात सेतूवर चौकशी करेल, आणि मग त्याला कळेल. तुमच्या कथेला दोन महिन्यांचा ताण आयता मिळतो.

नंबर मात्र हवा. साधा बटणांचा फोन, सिम तिच्या आधारवर घेतलेलं. रिचार्ज बहुधा २८ दिवसांचं, ते कोण मारणार हा प्रश्न उरतोच. घरातला स्मार्टफोन असेल तर त्यातलं व्हॉट्सअॅप 'लिंक केलेली डिव्हाइस' मधून बालाजीच्या फोनवर उघडं असू शकतं. त्यासाठी त्याला एकदाच, दोन मिनिटं, तिचा फोन हातात मिळावा लागतो. सेटिंगमध्ये ती यादी दिसते आणि तिथूनच तोडता येते. पण तोडलं की त्याला कळतं. म्हणून हुशार बाई लगेच तोडत नाही, त्या फोनवर साधंच बोलत राहते आणि कामाचं दुसरीकडून बोलते.

कोर्ट_आवार

गोदाकाठ, तसं होत नाही. आणि कथेतही तसं दाखवू नका, कारण त्यावर विसंबणाऱ्या बायकांचं नुकसान होतं.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुनं ४९८-अ आता कलम ८५, आणि क्रूरतेची व्याख्या ८६ मध्ये. शिक्षा तीच, तीन वर्षांपर्यंत. पण क्रूरता म्हणजे तिला आत्महत्येकडं किंवा गंभीर इजेकडं ढकलेल असं वर्तन, नाहीतर मालमत्तेच्या मागणीसाठी छळ. बालाजीचा अबोला आणि "बघू" यावर पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल होणं अवघड. ठाण्यातून बहुतेक वेळा आधी समुपदेशनाला पाठवतात, दोन्हीकडची माणसं बसतात, समजूत घातली जाते आणि रेखा त्याच गाडीवर बसून परत जाते. बालाजीचं सज्जनपण तिथं सगळ्यात जास्त उपयोगाला येतं.

तिच्यासाठी नेमका कायदा २००५ चा, कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा. ऑक्टोबर २००६ पासून तो लागू आहे. त्यातल्या कलम ३ मध्ये शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे चार प्रकारचे छळ आहेत. खर्चाला पैसे न देणं, स्त्रीधन अडवणं, तिला हक्क असलेली मालमत्ता परस्पर विकणं, हे सगळं आर्थिक छळात बसतं. म्हणजे एकही चापट न खाल्लेली बाई या कायद्यात येते. तुमच्या कथेतल्या कुणाला तरी हे वाक्य स्पष्ट बोलू द्या.

क्रम असा. रेखा तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडं जाते. तो नमुना १ मध्ये घटनेचा अहवाल भरतो: तारखा, प्रकार, साक्षीदार, काय काय अडवलंय. मग कलम १२ खाली न्यायदंडाधिकाऱ्याकडं अर्ज. अधिकाऱ्याकडं न जाता ती थेट कोर्टातही अर्ज करू शकते. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लावावी आणि ६० दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात नोटीस बजावण्यातच महिने जातात. म्हणून वकील कलम २३ खाली अंतरिम आदेश मागतो, तो शपथपत्रावर समोरचा हजर नसतानाही मिळू शकतो. कलम २७ मुळं ती तात्पुरती जिथं राहते तिथल्या कोर्टातही जाता येतं, म्हणजे माहेरी आल्यावर कळंबला अर्ज चालतो. बालाजीला औशाहून तारखेला यावं लागेल. त्याच्या वेळेवर प्रथमच दुसऱ्या कुणाचा ताबा येतो, हे दाखवण्यासारखं आहे.

घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी ती तिथं राहत होती म्हणून तिचा राहण्याचा हक्क आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं. पण राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नाही, या दोन गोष्टींची कथांमध्ये कायम गल्लत होते. कोर्ट बालाजीला घराबाहेर राहायला सांगू शकतं, सासूला नाही. राहण्याच्या आदेशाच्या कलमात घरातल्या कोणत्याही बाईविरुद्ध तसा आदेश देता येत नाही. म्हणजे रेखा आदेश घेऊन परत आली तर घरात सासू असणारच, आणि चूल एकच. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

वकिलाचा खर्च: बाईला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदत मिळते, तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या आवारातच असते. पहिला फोन १८१ वर करता येतो.

बालाजी काय करेल? सज्जन माणूस मारामारी करत नाही, तो नोटीस पाठवतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली 'नांदायला ये' म्हणून. रजिस्टर पोस्टानं ती नोटीस माहेरी आली की सगळे घाबरतात, पोलीस ओढून नेतील असं वाटतं. तसं काही होत नाही, कोणतंही कोर्ट बाईला उचलून सासरी नेऊन ठेवत नाही. पण वकिलामार्फत उत्तर द्यायलाच हवं. दुसरं म्हणजे पोटगीच्या अर्जात तो उत्पन्न लपवेल: "रान वडलांचं, मी मजुरी करतो." २०२० पासून दोघांनाही मालमत्ता आणि उत्पन्नाचं शपथपत्र द्यावं लागतं. रेखाच्या बाजूनं कामाला येतात ते सातबारा, ८-अ (खातेउतारा), ई-पीक पाहणीची नोंद आणि आडतीवरच्या पट्ट्या. पहिल्या तीन ऑनलाइन मिळतात. पट्ट्या कपाटात आहेत. घर सोडण्याआधी तिनं फोनमध्ये त्यांचे फोटो काढले की नाही, यावर पोटगीचा आकडा वर-खाली होतो.

स्त्रीधनाची यादीही तशीच. लग्नात माहेरानं आणि सासरानं तिला दिलेले दागिने, भांडी तिचीच आहेत, नवरा फक्त सांभाळणारा. पावत्या नसतात, म्हणून लग्नाचा अल्बम पुरावा होतो. गळ्यातलं, कानातलं स्पष्ट दिसतं.

पानकळा

हे सोनं आहे. शेवटचा प्रश्न. शेवटी जमिनीवर तिचं नाव लागलं असं दाखवता येईल का? खरं वाटेल का?

कोर्ट_आवार

नवरा जिवंत असताना त्याच्या जमिनीवर तिचा आपोआप हिस्सा नाही. १९९२ पासून राज्यात लक्ष्मी मुक्ती योजना आहे, त्यात बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लागतं. पण अर्ज नवऱ्यानं करायचा असतो, आणि जमीन त्याच्या नावावर हवी. तुमच्या कथेत ती सासऱ्याच्या नावावर असेल तर बालाजीला इच्छा असूनही ते लगेच करता येणार नाही, आधी वाटणी किंवा वारस नोंद व्हावी लागेल.

उलट दिशेचं जास्त घडतं. नोटीस मिळाली की सासरा जमीन धाकट्याच्या नावे बक्षीसपत्र करतो, म्हणजे बालाजीकडं काही उरलं नाही असं दाखवता येतं. नोंदणी झाली की गावात फेरफार धरला जातो, संबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीला १५ दिवस मिळतात. रेखाला ते कळण्याची शक्यता फार कमी, पण ऑनलाइन 'आपली चावडी' वर गावाचे चालू फेरफार कुणालाही दिसतात. गटातल्या एखाद्या पोरीनं ते पाहिलं आणि तिला सांगितलं, इतकं पटण्यासारखं आहे. मग तिचा वकील त्या मुदतीत लेखी हरकत देईल आणि संरक्षण आदेशात मालमत्ता हस्तांतर करू नये अशी मागणी करेल. हरकत आली की तो फेरफार तक्रारी नोंदवहीत जातो आणि मंडळ अधिकारी सुनावणी घेतो. तिथं रेखा, बालाजी, सासरा तिघंही समोरासमोर येतात, आणि कदाचित नऊ वर्षांत प्रथमच बालाजीला तिच्या प्रश्नाचं उत्तर "बघू" असं देता येत नाही, कारण उत्तर लिहून घेतलं जातं.

कथेचं साल आधी पक्कं करा. प्रसंग १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर ४९८-अ, नंतरचा असेल तर ८५. पोटगीचं जुनं १२५ आता नागरिक सुरक्षा संहितेचं १४४ झालंय. आणि तलाठ्याचं पदनाम बदलून ग्राम महसूल अधिकारी झालं असलं तरी गावातलं कुणीही त्याला तलाठीच म्हणेल, संवादात तेच ठेवा.